प्रश्नसंचाखालचं नाव

नजमा,

गेल्या सोमवारी कॉलेजच्या सभागृहात तुझी शोकसभा झाली आणि मी तिथं तोंड उघडलं नाही. हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगते. तिसऱ्या रांगेत बसले होते. ओळखपत्रावरचा तुझा फोटो मोठा करून लावला होता. तो ओढून मोठा केल्यामुळं तुझं नाक पसरलं होतं. तू असतीस तर आधी त्याच्यावरच भांडली असतीस.

प्राचार्य म्हणाले, "नजमा मॅडम मितभाषी होत्या."

मितभाषी! मागच्या बाकांवरून कुणीतरी खुदकन हसलं. स्टाफरूममध्ये तू आलीस की पंखा ऐकू यायचा बंद व्हायचा, हे शिपायालासुद्धा माहीत होतं. पुढं म्हणाले, "त्यांनी कधीही कसली तक्रार केली नाही." मग म्हणाले, "अकरा वर्षं निष्ठेनं सेवा केली." अकरा वर्षं म्हणजे काय, ते नाही सांगितलं. अकरा वर्षं तू तासिका तत्त्वावर शिकवलंस. दर जूनमध्ये त्याच चार माणसांसमोर त्याच कामासाठी मुलाखत, अशा अकरा मुलाखती दिल्यास. एका वर्षी तर त्यांनी तुला विचारलं होतं, "आमच्या कॉलेजविषयी काय माहिती आहे?" तू म्हणालीस, "प्रयोगशाळेतला तिसरा नळ गळतो, सर." हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता तीच गोष्ट आठवली की दात ओठ खावेसे वाटतात.

मग त्यांनी पडद्यावर आपला दोघींचा प्रश्नसंच दाखवला. वर कॉलेजचं बोधचिन्ह. "आपल्या महाविद्यालयाच्या या अभिनव उपक्रमातही मॅडमचं सहकार्य लाभलं."

सहकार्य. नजे, हा शब्द त्यांनी वापरला, आणि मी मांडीवरची पर्स घट्ट धरून बसून राहिले.

का बसून राहिले, हे सांगायचं तर मागं जावं लागेल. तुला सगळं माहीत आहे. पण माझ्या बाजूनं तू कधी ऐकलं नाहीस, कारण शेवटचे तीन आठवडे आपण बोलतच नव्हतो.

हे सगळं वैशालीमुळं सुरू झालं. पाथर्डीकडची मुलगी, आईबाप ऊसतोडीला गेलेले, ही वसतिगृहात. त्या वर्षी विभागप्रमुखांनी फर्मान काढलं होतं की एफ.वाय.च्या मुलांनी केमिस्ट्रीचा सराव ऑनलाइन करायचा. कुठल्या तरी परदेशी संकेतस्थळावरचे प्रश्न, सगळे इंग्रजीत. मुलांनी दोन दिवसांत त्याच्यावर तोड काढली. एक हुशार मुलगा सोडवायचा, आणि ग्रुपवर यादी यायची, एकचं सी, दोनचं ए. सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण. एकटी वैशाली शून्यावर. तिच्या मोबाईलमध्ये तो ग्रुपच नव्हता.

तू तिला संगणक कक्षात गाठलंस. मीही होते तिथं. तू विचारलंस, "एकही प्रश्न जमला नाही?"

ती म्हणाली, "मॅडम, मला केमिस्ट्री येत न्हाई असं न्हाई. मला प्रश्नच कळत न्हाई. ह्यो गॅलन म्हंजी काय? आन् त्यो बर्फावरून घसरनारा मानूस कोन हाय?"

आपण दोघी हसलो. पण तू लगेच थांबलीस.

"तुमच्या रानात फवारणी कोण करतं?"

"चुलते."

"पंप किती लिटरचा?"

"पंधरा."

"औषध किती टाकतात?"

"तीस मिली. झाकनानं मोजून."

"आणि पाचच लिटर पाणी घेतलं तर?"

"धा मिली," ती म्हणाली. एक सेकंदसुद्धा लागला नाही.

"झालं," तू म्हणालीस. "तुला केमिस्ट्री येते."

वैशालीचं तोंड तेव्हा कसं झालं होतं ते मी विसरणार नाही. पण मला जास्त आठवतंय ते तुझं तोंड. तू चिडली होतीस. त्या मुलीवर नाही. माझ्यावरही नाही. आपण इतकी वर्षं काय करत होतो, ह्याच्यावर. परत येताना जिन्यात तू म्हणालीस, "सुने, आपण पोरांना नापास करतोय आणि त्याला शिकवणं म्हणतोय."

त्या रविवारपासून आपलाच मराठी ऑनलाइन प्रश्नसंच करायला मी कोल्हारला तुझ्याकडं यायला लागले. खाली तुझ्या भावाचं, युनूसभाईंचं, जळालेल्या मोटारींना तार भरून द्यायचं दुकान, वर तुमचं घर, आणि सगळ्या जिन्याला तांब्याच्या तारेवरच्या व्हार्निशचा वास. आपण खिडकीपाशी बसायचो. अम्मी चहा द्यायच्या आणि दर वेळी विचारायच्या, "आज किती झाले?" तू म्हणायचीस, "तीन." त्या म्हणायच्या, "सकाळपासनं तीनच?" त्यांना वाटायचं, प्रश्न म्हणजे चपात्या.

तीनच व्हायचे, कारण तू प्रश्न लिहीत नव्हतीस, चुका लिहीत होतीस. मला हे कळायला कितीतरी रविवार लागले. मी म्हणायचे, चार ग्रॅम कॉस्टिक सोडा पाचशे मिलीलिटर द्रावणात, मोलॅरिटी काढा, उत्तर शून्य पूर्णांक दोन, पुढचा प्रश्न घे. तू म्हणायचीस, थांब. "पोराचं उत्तर आठ आलं तर?"

"तर चूक."

"चूक नाही गं नुसती. आठ आलं म्हणजे त्यानं चारला सरळ अर्ध्यानं भागलं. चाळीसनं भागून मोल काढलेच नाहीत. ग्रॅमलाच मोल समजला. आणि शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य दोन आलं, तर मोल बरोबर काढलेत पण मिलीलिटरचं लिटर करायचं राहिलं. ही दोन वेगळी पोरं आहेत, सुने. दोघांना एकच लाल फुली कशी द्यायची?"

मग प्रत्येक चुकीच्या उत्तराला तू वेगळी सूचना लिहिलीस. लिहिलीस ती पण तुझ्याच बोलीत. "घाई झाली. एकक बघ." "भागाकार बरोबर आहे, पण तू भागलंस कशाला?" युरियाच्या गोणीवर शेहेचाळीस टक्के नत्र छापलंय, ते रेणुसूत्रावरून खरं की खोटं ते काढ, हा प्रश्न तुझा. आठ पाव आणि पाच वडे, किती वडापाव होतील आणि उरेल काय, ह्यावरून आधी संपणारा मर्यादी अभिक्रियाकारक समजावलास तोही तुझाच. मी वर्गात तो प्रश्न घेतला त्या दिवशी मिरजगावचा एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, पाव उरले तर चटणी लावून खायचे." अख्खा वर्ग हसला आणि अख्ख्या वर्गाला कळलं.

वर तू प्रत्येक मुलाला आकडे वेगळे पडतील अशी सोय केलीस. एकाला चार ग्रॅम तर दुसऱ्याला सहा. ग्रुपवरची यादी मेली. मग पोरं एकमेकांना उत्तर विचारायची बंद झाली आणि रीत विचारायला लागली. तू हे जाहीर केलंस तेव्हा तुला कुणी शाबासकी दिली का? मीच दिली असेन तर दिली असेन. बहुतेक मीही नाही दिली.

दोन वर्षांत दोनशे चौदा प्रश्न झाले. त्यातले माझे एकोणतीस. खरं सांगायचं तर सव्वीस, कारण तीन तू दुरुस्त करता करता तुझेच झाले. हे मी शोकसभेत सांगायला हवं होतं.

एका गोष्टीवर आपलं कधीच जमलं नाही. तिसऱ्यांदा चुकल्यावर मुलाला उत्तर दाखवायचं की नाही? मी म्हणायचे दाखव. तू म्हणायचीस, मेले तरी नाही. "उत्तर दिसलं की डोकं बंद होतं." मी म्हणायचे, "आणि नाही दिसलं की मोबाईल बंद होतो." एका मुलीनं एकच प्रश्न एकोणीस वेळा सोडवला आणि त्यानंतर ती कधीच त्या पानावर आली नाही. मी तुला ते दाखवलं, "हे बघ, ही तू घालवलीस." तुला लागलं ते. पुढच्या रविवारी तू माझ्यापुढं एका मुलाची नोंद ठेवलीस. त्यानं बाविसाव्या वेळी बरोबर उत्तर काढलं होतं, आणि पुढचे सहा प्रश्न पहिल्याच फटक्यात. "आणि हा? ह्याला मी उत्तर दाखवलं असतं तर?" त्या भांडणात अम्मींचे दोन कप चहा गार झाले. तुझं बरोबर होतं की माझं, मला अजूनही माहीत नाही. पण नजे, माझ्याशी असं भांडणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही. मी बारा वर्षं कायम नोकरीत आहे. केमिस्ट्री शिकवता मात्र मला तू लिहिलेल्या चुका वाचूनच आली. हे तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. का नाही म्हटलं? तू चढून बसशील म्हणून. इतकी मी कोती.

आता जे सांगायचं ते सांगते.

मूल्यांकन समिती येणार म्हटल्यावर कॉलेजात रंगरंगोटी सुरू झाली. गळका नळसुद्धा बदलला. विभागप्रमुखांनी मला बोलावलं. टेबलावर कागद होता: ऑनलाइन प्रश्नसंच, संकल्पना विभागप्रमुखांची, मार्गदर्शन प्राचार्यांचं, समन्वयक म्हणून माझं नाव. तुझं कुठंच नाही.

मी विचारलं, "सर, नजमा मॅडमचं?"

ते म्हणाले, "तासिकेवरच्या माणसाचं नाव दाखवलं की समिती विचारणार, एवढं काम करणारीला तुम्ही कायम का केलं नाही? उगाच कटकट. आणि मॅडमच्याच दृष्टीनं बोलतोय मी. पुढच्या जूनमध्ये त्यांना अडचण नको."

आणि मी सही केली.

मला कुणी धमकावलं नाही. हात धरला नाही. मी पेन काढलं, टोपण उघडलं आणि सही केली. वर पासवर्ड बदलून माझ्याकडं दिला, समन्वयक म्हणून. त्या पानावर काय लिहायचं आणि काय पुसायचं, ते त्या दिवसापासून माझ्या हातात होतं. रोज होतं. हे लक्षात ठेव, कारण मी ते लक्षात ठेवायचं टाळत होते.

समिती आली त्या दिवशी तुला सांगितलं होतं की तास नाहीत, येऊ नका. तू आलीस. तुझी पेनड्राइव्ह राहिली होती म्हणे. व्हरांड्यातल्या मोठ्या पडद्यावर ते पान लावलेलं होतं. तू उभी राहून वाचलंस. मी समितीसाठी हार घेऊन चालले होते, आणि तू मला अडवलंस.

"तू सही केलीस?"

"अगं, आधी समिती जाऊ दे. नंतर बघू."

"सही केलीस का, एवढंच विचारतेय."

"नजे, हार सुकतायत."

हार सुकतायत! अकरा वर्षांच्या मैत्रीला मी हे उत्तर दिलं. तू बाजूला झालीस. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं तर बरं झालं असतं. नुसती बाजूला झालीस आणि मला वाट दिलीस.

त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. पण प्रश्नांवर काम करत राहिलीस, हे मला सहन होत नव्हतं. मोबाईलवर तुझे निरोप यायचे, ना नमस्कार ना नाव. "एकशे बारामध्ये एकक चुकलंय." "एकसष्टची सूचना मुलींना कळत नाही, बदल." मी बदलायची. "बदललं" एवढंच लिहायची. पासवर्ड माझ्याकडं होता ना! तुझ्याच प्रश्नात सुधारणा करायला तुला मला निरोप टाकावा लागत होता. तू शिव्या का घातल्या नाहीस? मला जिन्यात गाठून थोबाडीत का मारली नाहीस? बाकी सगळ्यांशी भांडलीस आणि माझ्याशीच का नाही? मी तुझ्यावर चिडलेय नजे. ह्याच्यावर सगळ्यात जास्त चिडलेय.

आणि त्या तापावर.

मंगळवारी प्रॅक्टिकलला तू आलीस तेव्हा तुझा चेहरा तांबडा होता. ब्युरेट स्टँडला लावताना तू टेबलाचा आधार घेत होतीस. पोरांना तू नेहमी सांगतेस, डोळा पातळीत ठेवा, आणि त्या दिवशी तुला स्वतःला वाकता येत नव्हतं. मी समोरच्या टेबलावर होते. आपल्यामध्ये चार हातांचं अंतर. मी बघितलं. मला वाटलं, विचारावं. मग वाटलं, ती बोलत नाही तर मी कशाला? एवढंच. असल्या शेणकट अभिमानापायी मी तुला विचारलं नाही, "ताप आहे का गं?"

तास नाही घेतला तर त्याचे पैसे धरत नाहीत. म्हणून तू बुधवारी आलीस. गुरुवारीही आलीस. कायम असतीस तर एक अर्ज टाकून घरी पडून राहिली असतीस, आम्ही पडतो तशी. शुक्रवारी युनूसभाईंनी तुला नगरला नेलं. डेंग्यू निघाला. तिथं डॉक्टर सगळं करत होते, पण प्लेटलेट उतरतच गेल्या. रविवारी सकाळी युनूसभाईंचा फोन आला. मी हॅलो म्हटलं, तर ते एवढंच म्हणाले, "सुनंदाताई, आपली नजमा गेली." आपली म्हणाले. त्यांना तेव्हा काही माहीत नव्हतं.

तुला न्यायची घाई होती. मी पोचले तेव्हा पुरुष खांद्यावर घेऊन निघाले होते. मी बायकांमध्ये बसले. अम्मी रडत नव्हत्या, आल्यागेल्याला पाणी द्या म्हणून सांगत होत्या. तिसऱ्या दिवशी जियारतीची प्रार्थना झाली, गर्दी पांगली, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

"सुनंदा, दोन वर्षं तुम्ही दोघींनी काय केलं ते मला दाखव."

मी मोबाईल काढला. पान उघडलं. बोधचिन्ह, तीन नावं. अम्मींना अरबी वाचता येतं, मराठी वाचता येत नाही. त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, "इसमें नजमा का नाव किधर है?"

नजे, मी बोट ठेवलं. माझ्या नावावर. म्हणाले, "हे."

अम्मींनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि ते बोट ओठांना लावलं.

मी ते बघितलं आणि उठले. एस.टी. पकडून घरी आले, स्वयंपाक केला, जेवले. माणूस इतकं खाली जाऊ शकतं आणि वर भाजीत मीठ बरोबर टाकू शकतं. माझ्या नवऱ्यानं विचारलं, "नजमाच्या घरी कसं आहे?" मी म्हटलं, "ठीक आहेत."

त्यानंतर ती सोमवारची सभा. "सहकार्य लाभलं." दोन मिनिटं शांतता. सगळे उभे. माझ्या शेजारी वैशाली उभी होती. आता ती टी.वाय.ला आहे. सभा सुटल्यावर ती माझ्याकडं वळली. आवाज खाली होता पण तोंड रागानं फुललं होतं.

"मॅडम, तुमी का न्हाई बोललात? त्यांला ठाव न्हाई, पर तुमाला तर ठाव हाय ना?"

उत्तराला ती थांबलीही नाही.

मंगळवारी सकाळी मी रजा टाकली आणि कोल्हारला गेले. रजा टाकली, बघ. मला टाकता येते. अम्मी गहू निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. समितीचं, सहीचं, आणि त्या दिवशी मी कुणाच्या नावावर बोट ठेवलं तेही. बसले असते तर सांगवलं नसतं. युनूसभाई जिन्यात येऊन उभे राहिले होते. त्यांचे हात व्हार्निशनं माखलेले. ते काही बोलणार होते, पण अम्मींनी हात वर केला.

मग त्या माझ्याकडं वळल्या. सूप बाजूला ठेवलं. जे बोट त्यांनी त्या अक्षरांवरून फिरवलं होतं, ते त्यांनी ओढणीला पुसलं. घासून पुसलं. म्हणाल्या, "पैले वो नाव निकाल के आ. फिर मेरे घर की चाय पी."

मी कोल्हारच्या स्टँडवर आले. बाकावर बसले. शेजारी एक आजोबा मेथीच्या जुड्या घेऊन बसले होते आणि लोणीला जाणारी गाडी कधी येते ते सगळ्यांना विचारत होते. मी मोबाईलवर पासवर्ड टाकला, आणि माझं नाव पुसलं. मग विभागप्रमुखांचं. मग प्राचार्यांचं. आणि लिहिलं: "प्रश्न आणि सूचना: नजमा. सव्वीस प्रश्न: सुनंदा." एवढ्याला किती वेळ लागला सांगू? आजोबांची गाडी यायच्या आत झालं. इतक्या सोप्या गोष्टीसाठी तू तीन आठवडे थांबलीस, आणि मग थांबायला उरली नाहीस.

बुधवारी मला केबिनमध्ये बोलावणं आलं. प्राचार्य आणि विभागप्रमुख, दोघं.

"हे कोणाच्या परवानगीनं केलंत?"

मी म्हटलं, "सर, तिचं नाव काढताना कुणाची परवानगी घेतली होती? मग लावताना कशाला लागते?"

विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, भावनेच्या भरात बोलू नका. त्या आता नाहीत. त्यांना काय फरक पडतो?"

त्या वाक्यावर, नजे, मी पहिल्यांदा ओरडले. तुझ्यासारखी. बाहेर कारकून उभे राहिले म्हणे. काय काय बोलले ते नीट आठवत नाही. अकरा मुलाखती आल्या त्यात, ताप आला, आणि हारही आले. शेवटी म्हटलं, "पासवर्ड हवा असेल तर लेखी मागा. त्यात लिहा की मयत शिक्षिकेचं नाव काढायला हवा आहे." दुपारी मला तीन दिवसांत खुलासा द्या म्हणून पत्र मिळालं. मी तासाभरात दिला. दोनशे चौदातले कुठले प्रश्न कोणाचे, क्रमांकानिशी. सोबत तुझे ते निरोप, एकशे बारा आणि एकसष्टचे, छापून जोडले. अजून उत्तर आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. ते माझी वेतनवाढ रोखतील, प्रयोगशाळा काढून घेतील, दुसरं काय करतील? तुझं काय काय अडवून धरायचे, तसं माझं धरू देत.

शनिवारी पुन्हा कोल्हारला गेले. मोबाईल अम्मींपुढं धरला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि युनूसभाईंना हाक मारली. "तू पढ."

मी वाचून दाखवलं असतं. पण माझं वाचलेलं त्या घरात आता चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. युनूसभाईंनी हात पुसून वाचलं, सावकाश. तुझं नाव दोनदा वाचलं, मग माझं वाचलं. अम्मींनी मान हलवली. चहा आला. अर्धा कप झाल्यावर त्या म्हणाल्या, "चाय पी बेटा. पर उस दिन का झूठ मैं भूलनेवाली नहीं."

मी म्हटलं, "नका विसरू."

आज तुझ्या जागी नवीन मुलगी आली. तासिकेवरच, हे सांगायला नको. कर्जतची आहे, एम.एस्सी. होऊन वर्ष झालं. दुपारी स्टाफरूममध्ये माझ्याशेजारी बसली आणि भीत भीत म्हणाली, "मॅडम, सर म्हणाले प्रश्नसंचासाठी दहा प्रश्न करून द्या. मी दोन केलेत. बघाल का?" वहीचं पान तिनं माझ्यापुढं सरकवलं. प्रश्न बरे होते. वर नाव नव्हतं.

मी विचारलं, "हे कुणी केले?"

"मीच."

"मग तसं लिही. आणि ताप आला, काही झालं, तर आधी मला सांगायचं. तुझा तास मी घेईन आणि तो तुझ्याच नावावर लागेल. त्यासाठी कुणाशी भांडायचं ते मी बघते."

तिला वाटलं असणार, ह्या बाईंना काय झालंय. मग तिनं पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव लिहिलं, पेन्सिलनं, पुसलं तरी चालेल असं.

मी पर्समधून पेन काढलं आणि तिच्या हातात दिलं.